झोपेतला श्वास : एक पाठ

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी अंकासाठी आम्ही शिक्षणावर काही लिहावे अशी चिटणीसांची अपेक्षा होती. आम्ही व्यवसायाने शिक्षक, बी. एस्सी., बी. एड्. झालेले, मुलांना विज्ञान शिकविण्यात वीस वर्षे गेलेली. तेव्हा ती अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल. परंतु गेली काही वर्षे आम्ही स्वतःच एका विषयाचे विद्यार्थी झालो आहोत, आणि तो विषय कंग्राळीपासून निपाणीपर्यंत कितीतरी घरांतून रोज रात्री आवाज करीत असतो. तो विषय म्हणजे घोरणे. वाचकांनी हसू नये. हसण्यावारी नेल्यामुळेच या विषयाची आजवर हेळसांड झाली आहे.

आपल्याकडे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण समजतात. दिवसभर राबलेला माणूस घोरणारच, असे म्हणून घरची माणसे कूस बदलतात. आमचे वडील गवंडीकाम करीत. त्यांच्या घोरण्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येई आणि आम्हां भावंडांना त्याचा एक प्रकारे अभिमानच वाटे. मधूनच तो आवाज एकाएकी थांबे. मग अम्मी अंधारात उठून त्यांचा खांदा हलवी, आणि विहिरीतून वर आलेल्या माणसासारखा एक मोठा हुंदका देऊन त्यांचा श्वास पुन्हा चालू होई. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी एका पहाटे अम्मीने हलविले, तेव्हा तो चालू झाला नाही. त्यांस हाच आजार होता असे आम्ही म्हणत नाही. कोणतीही तपासणी झालेली नव्हती, आणि न तपासलेल्या गोष्टीवर निकाल देण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण तो हुंदका आम्ही विसरलेलो नाही.

चाळिशी ओलांडल्यावर आमचेही तेच सुरू झाले. सकाळी उठताच डोके जड, तोंडाला कोरड. रात्री तीनतीनदा लघवीस उठणे. साखर दोनदा तपासली, ती ठीक निघाली. तिसऱ्या तासाला वर्गात मुले पाठ वाचीत असता आमची मान खाली जाई. चिडचिड एवढी वाढली की मुले आमचा चेहरा पाहूनच वह्या लपवीत. घरातून मात्र वेगळीच तक्रार आली. "तुम्ही झोपेत श्वास घ्यायचे थांबता. काल मी घड्याळात मोजले, पंचवीस सेकंद झाले. माझा जीव राहत नाही," असे आमच्या पत्नीने सांगितले. आम्ही ते थट्टेवर नेले. विज्ञानाचा शिक्षक असून नेले, हे येथे कबूल करून ठेवतो.

नोव्हेंबर २०२१ मधील गोष्ट. निपाणीस साडूंकडे जाऊन आम्ही मोटारसायकलवरून परत येत होतो. पाठीमागे आमची बारा वर्षांची मुलगी बसली होती. दुपारचे चार वाजलेले, रस्ता कोरडा, वाहने बेताची. वंटमुरीचा घाट उतरून आम्ही होनग्याच्या दिशेने निघालो, आणि त्यानंतरचे आम्हांस काही आठवत नाही. आठवते ते एवढेच, की पाठीवर मुठीचे दोन जोराचे तडाखे बसले, "अब्बा! अब्बा!" अशी किंकाळी ऐकू आली आणि पुढचे चाक रस्त्याखालच्या खडीत खडखडत होते. गाडी कशीबशी सावरली. काकतीजवळ एका चहाच्या टपरीवर उतरून बसलो, तेव्हा हात थरथरत होते. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अब्बा, तुम्ही घोरत होता."

एवढे होऊनही डॉक्टरांकडे जाणे आम्ही दोन-अडीच महिने लांबणीवर टाकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बाप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया हे कारण सांगितले. पत्नीने ते वर्तमानपत्र आमच्यासमोर ठेवले, बोट त्या ओळीवर ठेवले आणि काहीच बोलली नाही. त्याच आठवड्यात आम्ही तपासणीस गेलो.

आता मूळ पाठाकडे वळू. ग्रीक भाषेत ॲप्निया म्हणजे श्वास नसणे. नाकापासून फुप्फुसापर्यंत हवेचा जो मार्ग आहे, त्यातील खालचा भाग, म्हणजे श्वासनलिका, कूर्चेच्या कड्यांनी ताठ उभी राहिलेली असते. ती सहसा मिटत नाही. परंतु वरचा भाग, म्हणजे टाळूच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा घसा, याला असा आधार नाही. तो केवळ स्नायूंच्या बळावर उघडा राहतो, आणि झोपेत स्नायू सैल पडतात. ज्यांनी मोटेची चामड्याची सोंड पाहिली असेल त्यांनी ती आठवावी: पाणी भरलेले असताना गोल, रिकामी होताच चपटी. लहान मुलांना आम्ही दुसरा दाखला देतो. घट्ट लस्सी कागदी नळीने जोरात ओढली की नळी आतल्या आत चिकटते, आणि जितके जोराने ओढावे तितकी अधिकच चिकटते. झोपेत घशाचे तेच होते. मार्ग अरुंद झाला की टाळू व पडजीभ थरथरते, ते घोरणे. मार्ग पुरता मिटला की शांतता पसरते. पाहणाऱ्यास वाटते, बरे झाले, घोरणे थांबले. वस्तुतः धोका त्या शांततेतच असतो. छाती व पोट वरखाली होत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो. अखेरीस मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागे करतो, स्नायू ताठ होतात, हुंदका येतो आणि पुन्हा झोप लागते. हे जागणे इतके अल्प असते की सकाळी त्याची आठवणही राहत नाही. आठ तास झोपलो असे माणूस शपथेवर सांगतो, आणि रात्रभरात सलग पाच मिनिटेही तो झोपलेला नसतो.

श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबला तर ती एक घटना मोजतात. श्वास पुरता न थांबता फार उथळ झाला आणि प्राणवायू उतरला, तर तीही धरतात. तासाला अशा पाचपेक्षा कमी घटना असल्या तर चिंता नाही. पाच ते पंधरा हा सौम्य आजार, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या पुढे तीव्र. तपासणीसाठी आम्हांस एक रात्र रुग्णालयात झोपविले. डोक्याला तारा, छातीला व पोटाला पट्टे, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. अशा थाटात झोप कसली येणार असे वाटले होते, पण ज्याची झोप वर्षानुवर्षे थकलेली आहे त्याला काट्यावरही डोळा लागतो. सकाळी अहवाल हाती आला: तासाला ४६ घटना, प्राणवायू ७४ टक्क्यांपर्यंत उतरलेला. निरोगी माणसाचा हा आकडा ९५च्या आसपास किंवा वर असतो. सात तासांच्या झोपेत तीनशेहून अधिक वेळा आमचा गळा आवळला जात होता. आवळणारा हात आमचाच होता. अलीकडे बोटाचा चिमटा व एक-दोन पट्टे देऊन घरच्या घरीही चाचणी करतात. ती स्वस्त पडते व पुष्कळांना पुरते.

हा आजार दुर्मीळ आहे असे कोणी समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेत श्वास बिघडणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १९.५ आणि त्याबरोबर दिवसा पेंग येण्याची तक्रारही असणारे शेकडा ७.५ असे त्यांस आढळले. रुग्णालयात आजारी म्हणून आलेली ही माणसे नव्हती, नेहमीच्या आरोग्य तपासणीस आलेली होती. लठ्ठपणा व जाड मान ही मोठी कारणे खरी. पण ज्यांची हनुवटी मागे आहे, जबडा लहान आहे, अशी सडपातळ माणसेही यात सापडतात. स्त्रियांत पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढते, आणि त्यांच्या घोरण्याविषयी घरात कोणी बोलतच नाही, त्यामुळे त्यांचे निदान अधिकच उशिरा होते. मुलांत वाढलेले टॉन्सिल व नाकामागील ग्रंथी हे मुख्य कारण असते. अशी मुले दिवसा पेंगण्याऐवजी चुळबुळ करतात, लक्ष देत नाहीत, मागे पडतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला आम्ही तासभर बाकावर उभे केले होते. त्याची आई सांगत होती की हा रात्री तोंड उघडे टाकून घोरतो. आम्ही ते ऐकले नव्हते.

उपचार न केल्यास रक्तदाब वाढतो आणि औषधांनाही दाद देईनासा होतो. हृदयाचे ठोके अनियमित होणे, पक्षाघात, मधुमेह यांच्याशीही या आजाराचा संबंध दिसून आला आहे. पण आमच्या मते मोटार, ट्रक, बस चालविणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जवळचा धोका रस्त्यावरचा आहे. आपल्या भागातून राष्ट्रीय महामार्ग जातो. कितीतरी घरांतील कर्ती माणसे रात्रीच्या वाहनांवर आहेत. त्यांनी हे दोन परिच्छेद पुन्हा वाचावेत.

यावर इलाज काय? चार दशकांपूर्वी तीव्र आजारावर खात्रीचा असा एकच उपाय होता: गळ्याला खालून भोक पाडून तेथून श्वास घेणे. सिडनी विद्यापीठातील डॉ. कॉलिन सुलिव्हान यांस ते पटेना. घसा आतून फुगवून ठेवला तर तो मिटणार नाही, असा त्यांचा साधा तर्क होता. १९८० मध्ये त्यांनी भात्यासारखी हवा फेकणारी मोटार व नाकावर बसणारे मुखवट्यासारखे साधन जोडून गळ्याला भोक पाडून घेण्यास नकार देणाऱ्या एका रोग्यावर प्रयोग केला. १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यातून आजचे सीपॅप यंत्र आले. नाव मोठे, काम लहान: हवेचा सतत सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवणे. ते प्राणवायूचे सिलिंडर नव्हे, आणि श्वासही ते आपल्यासाठी घेत नाही. श्वास आपला आपणच घ्यावयाचा. शेजारीपाजारी 'मास्तरांना मशीनवर ठेवले आहे' असे बोलू लागले, तेव्हा हे आम्हांस शंभरदा समजावून सांगावे लागले.

हा दाब किती असतो, याचा एक प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. उंच पेल्यात पाणी घ्या, त्यात नळी बरोबर दहा सेंटिमीटर बुडवा आणि फुंका. खालच्या टोकातून बुडबुडा बाहेर पडताना तुम्ही जितका दाब देता, तितकाच दाब आमचे यंत्र रात्रभर देते. वैद्यक त्याला दहा सेंटिमीटर पाणी असेच म्हणते. बहुतेक यंत्रे चारपासून वीसपर्यंत दाब देऊ शकतात. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १,०३३ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे शंभरातला एक भागही यंत्र देत नाही, आणि तेवढ्याने जीव वाचतो. चौकस विद्यार्थी येथे विचारील की बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, गोव्याला उतरताना याच्या कितीतरी पट दाब वाढतो, मग गोव्यात घोरणे का थांबत नाही? कारण तो दाब घशाच्या आतून व बाहेरून सारखाच वाढतो. यंत्र आतूनच देते. फरक महत्त्वाचा.

यंत्र आणले आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही तरतरीत झालो, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. पहिल्या रात्री मास्क लावताच गुदमरल्यासारखे वाटून तो आम्ही भिरकावून दिला. दुसऱ्या रात्री हवा पोटात जाऊन पोट फुगले. तिसऱ्या रात्री डोळ्यांत वारा. आम्हांस दाढी आहे, आणि नाकतोंड झाकणारा मोठा मास्क दाढीवर नीट बसत नाही, कडेने हवा सुटते. हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते व आम्ही विचारले नव्हते. पुढे नाकपुड्यांशी बसणारी लहान उशीवजा जोडणी घेतली, तेव्हा दाढीचा प्रश्न मिटला. भीती घालविण्याची युक्ती एका तंत्रज्ञाने सांगितली: संध्याकाळी खुर्चीत बसून, जागेपणी, मास्क लावून अर्धा तास वर्तमानपत्र वाचावे. आठवडाभर हे केले. दाब हळूहळू चढविण्याची सोय यंत्रात असते, ती चालू केली. अठराव्या रात्री आम्ही सलग सहा तास झोपलो. सकाळी आरशात पाहिले तर नाकावर लाल वळ होता, पण डोके हलके होते. पत्नी मात्र त्या रात्री दोनदा दचकून उठली. एवढ्या शांततेची तिला सवय नव्हती.

थंडीत आणखी एक गंमत झाली. यंत्रात हवा ओली करण्यासाठी पाण्याची लहान टाकी असते. बेळगावच्या डिसेंबरात ती ओली हवा नळीत थंड होऊन पाणी साठे व पहाटे नाकाशी गुळगुळ आवाज होई. पत्नीने जुन्या ओढणीची नळीला खोळ शिवली. तेव्हापासून त्रास गेला. यंत्र उशीच्या खालच्या पातळीवर ठेवावे, म्हणजे साठलेले पाणी नाकाकडे येत नाही. टाकीत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. आमच्या बोअरच्या पाण्याने महिन्याभरात तळाला पांढरा थर धरला. मास्क रोज, टाकी रोज, नळी आठवड्याला, साध्या साबणाच्या पाण्याने धुवावी व सावलीत वाळवावी. गाळणी महिन्याला पाहावी. बाजारात ओझोनने यंत्र शुद्ध करणारी पेटी मिळते. तिच्या नादी लागू नये.

आता प्रवास. हा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर लिहीत आहोत, कारण यंत्र घेतलेली कितीतरी माणसे प्रवासच सोडतात, किंवा प्रवासात यंत्र घरी ठेवतात. दोन्ही चूक. एक रात्र यंत्र न लावल्यास त्या रात्री आजार आपल्या जागी हजर असतोच. दुपारच्या डुलकीतही असतो. रमजानात सहरीमुळे झोपेचे दोन तुकडे होतात. दोन्ही तुकड्यांत मास्क लावावा.

पहिली परीक्षा निपाणीच्या एका लग्नात झाली. पुरुषांची झोपण्याची सोय एका मोठ्या खोलीत गाद्या टाकून केलेली. वीस माणसांत मास्क काढावयाची लाज वाटली, पण मोटारसायकल आठवली. पत्नीच्या बहिणीच्या मुलांनी सकाळी आमचे नाव 'सोंडवाले खालू' असे ठेवले. ते अजून चालू आहे. त्या प्रवासात एक चूक मात्र महागात पडली. निघताना टाकीतले पाणी ओतून न टाकता यंत्र तसेच पिशवीत कोंबले, पाणी मोटारीत गेले आणि दुरुस्तीस चांगले पैसे पडले. टाकी रिकामी करून, पुसून, वेगळी ठेवावी. सोबत पाच मीटरची जोडवायर असावी. पाहुण्यांच्या घरात विजेचे खटके नेहमी पलंगापासून दूरच असतात.

रेल्वेने जाणाऱ्यांनी बॅटरीशिवाय जाऊ नये. डब्यात चार्जिंगची सोय असते, यंत्राचा अडॅप्टरही बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणताही प्रवाह चालवून घेतो. पण आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात चार्जिंगचा प्रवाह बंद ठेवण्याचा निर्णय रेल्वेने मार्च २०२१ मध्ये घेतल्याचे प्रसिद्ध झाले होते, आणि आपल्याला तर नेमका त्याच वेळी तो हवा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूस जाताना आम्ही खालचा बाक मागून घेतो, यंत्र पायाशी न ठेवता डोक्याकडे भिंतीला टेकवितो आणि झोपण्यापूर्वी समोरच्या प्रवाशांना यंत्र काय आहे हे सांगून टाकतो. न सांगता एकदा झोपलो, तेव्हा एका वृद्ध बाईंनी घाबरून तिकीट तपासनिसास बोलाविले होते.

बॅटरीचे गणित सोपे आहे, सातवीच्या मुलास जमेल. आमचे यंत्र पाण्याची टाकी बंद ठेवल्यास दहा-बारा वॉट घेते. टाकी तापविली तर त्याच्या कितीतरी पट. बॅटरी ९७ वॉट-तासांची आहे. बाराने भागले तर आठ तास. गळती धरून सात. म्हणून प्रवासात टाकी बंद. विमानाने जाणाऱ्यास हाच आकडा उपयोगी पडतो, कारण १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी हातसामानात नेऊ देतात, सामानाच्या डब्यात सुटी बॅटरी मुळीच टाकू देत नाहीत. शंभर ते एकशेसाठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. यंत्रही हातातच ठेवावे, आणि डॉक्टरांचे इंग्रजी पत्र त्याच पिशवीत असावे.

७ मे २०२४ रोजी बेळगाव मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले. आम्हां शिक्षकांना आदल्या दिवशीच साहित्य घेऊन मतदानकेंद्रावर मुक्कामास जावे लागते. आजाराचे कारण सांगून काम टाळता आले असते. पण आजारावर इलाज आहे आणि तो पिशवीत मावतो, मग टाळावे कशाला? आमचे केंद्र एका खेड्यातील शाळा होती. रात्री वर्गात चटया टाकल्या. आम्ही यंत्र बाहेर काढताच बंदोबस्तावरचा पोलीस धावत आला व विचारू लागला, "सर, हे कोणते मशीन? मतदानाचे तर सगळे सील झाले ना?" त्यास मास्क लावून दाखविला, हवेचा झोत त्याच्या तळहातावर सोडला, तेव्हा त्याची खात्री पटली. पहाटे दोनच्या सुमारास वीज गेली. मे महिन्याचा उकाडा, पंखे बंद, सगळे सहकारी उठून ओट्यावर जाऊन बसले. आमचे यंत्र बॅटरीवर गेले आणि आम्हीच तेवढे झोपून राहिलो, असे आम्हांस सकाळी कळले. मतदान संध्याकाळी सहाला संपेपर्यंत एकदाही पेंग आली नाही. त्या पोलिसाने जाताना हळूच विचारले, "माझा भाऊ ट्रक चालवतो, फार घोरतो. त्याला कुठे दाखवू?" बेळगाव, कोल्हापूर, हुबळी येथील मोठ्या रुग्णालयांत छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, असे आम्ही त्यास सांगितले.

आमच्या मोहल्ल्यातील एका बुजुर्गांनी यंत्र मिळाल्यापासून हजचा बेत मनातल्या मनात रद्दच करून टाकला होता. त्यांच्यासाठी आम्ही वहीचे एक पान भरून दिले, आणि ते २०२५ च्या हजला जाऊन आले. मक्का-मदिनेच्या मुक्कामात वीज असते; तेथील खटका ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पायांचा, म्हणून तशी जोडणी येथूनच न्यावी. मिनातील तंबूत वीज असते, पण खटक्याजवळची जागा पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. खरा प्रश्न मुजदलिफाच्या रात्रीचा. अराफातहून निघाल्यावर ती रात्र उघड्या आकाशाखाली काढावयाची. तेथे भरलेली बॅटरी हाच आधार. त्यांना एकच गोष्ट पटवावयास वेळ लागला: झमझम पिण्यासाठी आहे, यंत्राच्या टाकीसाठी नाही. त्यात क्षार आहेत, थर धरतो. परत आल्यावर ते सांगत होते की मुजदलिफात शेजारी झोपलेल्या एका परदेशी हाजीकडे तसेच यंत्र होते. भाषा कळत नव्हती, दोघांनी एकमेकांच्या नळ्यांकडे बोट दाखवून हात मिळविला.

यंत्राची स्तुती पुरे. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. आधीच हृदयविकार असलेल्या अडीच हजारांहून अधिक रोग्यांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रामुळे पुढील हृदयविकाराचे झटके व मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. पेंग मात्र कमी झाली, मन प्रसन्न झाले. ती माणसे रात्री सरासरी ३.३ तासच यंत्र लावीत, हेही तेथेच नमूद आहे. तेव्हा रक्तदाबाची गोळी, चालणे, वजन उतरविणे यांतून यंत्र कोणाची सुटका करीत नाही. वजन पुष्कळ उतरले तर काहींचा आजार सौम्य होतो. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह हा आजार असणाऱ्यांसाठी टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनास मान्यता मिळाली. ते महाग आहे व डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यावयाचे. उताणे न झोपता कुशीवर झोपणे याला मात्र पैसे पडत नाहीत. झोपेची गोळी डॉक्टरांना न विचारता कदापि घेऊ नये. दारूप्रमाणे तीही घसा अधिक सैल करू शकते.

शेवटी पैशाची गोष्ट. चांगले यंत्र तीस हजारांपासून पुढे पडते. गवंड्याच्या, विडीकामगाराच्या घरात एवढी रक्कम, आणि तीही आपल्याला हे सोसेल की नाही हे ठाऊक नसताना, कोण घालील? पुष्कळ जण येथेच अडतात. कुबड्या, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची अशा वस्तू उसन्या देण्याची पद्धत बऱ्याच संस्थांतून आहे. विश्वस्तांपुढे आमची सूचना अशी, की त्याच पद्धतीने एक-दोन श्वासयंत्रे ठेवावीत व तपासणी झालेल्या रोग्यास महिनाभर वापरून पाहण्यास द्यावीत. जुने यंत्र दान म्हणून स्वीकारताना कोणत्या कंपनीचे, कोणत्या वर्षाचे हे पाहावे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आवाज दाबणारा आतला फोम झिजून श्वासात जाण्याच्या भीतीने आपली लाखो यंत्रे जगभरातून परत बोलाविली होती. त्यांतील एखादे कोणाच्या माळ्यावर पडून असू शकते. दाब किती ठेवावयाचा हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणी फिरवू नये.

आम्ही गेल्या वर्षी नवे यंत्र घेतले. जुने चालू स्थितीत आहे, परत बोलावलेल्यांपैकी नाही, आणि ते या कामासाठी देण्यास आम्ही तयार आहोत. नळी, गाळणी व मास्क मात्र घेणाऱ्याने आपापला नवा आणावा. ओढणीची खोळ आम्ही सोबत देऊ.